गडाची वाट दुरुस्त करायचीय? एका दिवसाच्या श्रमदानाची पहिल्यापासून शेवटपर्यंत तयारी

दिवाळी झाली की ट्रेकर्सच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, अमक्या गडाची वाट पार वाहून गेलीय, श्रमदान करूया, कोण कोण येणार. भराभर नावं येतात, रविवारी पंचवीस-तीस जण खरंच जातात, दिवसभर जीव तोडून काम करतात, आणि पुढच्या जुलैत त्यातलं निम्मं काम परत दरीत गेलेलं असतं. यात मेहनत कुठेच कमी पडलेली नसते. कमी पडतो तो पाण्याचा विचार. आपल्या पायांनी वाटेवरची माती सुटी होते हे खरंय, पण ती सुटी माती उचलून नेतं ते पाणी, आणि सह्याद्रीत ते पाणी किती असतं हे तुम्हाला सांगायला नको, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून वाट दुरुस्त करायची म्हणजे आधी पाण्याला वाटेवरून बाहेर काढायचं, खड्डे आणि पायऱ्या त्याच्या नंतर. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने लिहिलंय. पहिल्यांदाच असा दिवस ठरवणाऱ्या आणि पंचवीस-तीस माणसं हाताशी असणाऱ्या ग्रुपसाठी आहे.

आधी पावसात जाऊन वाट बघून या

हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करायचं, भर पावसात. कोरड्या वाटेवर उभं राहून पाणी कुठून येतं याचा नुसता अंदाज बांधावा लागतो, पावसात ते समोर दिसतं. दोघं-तिघं जा, घाई करू नका, आणि प्रत्येक खराब पट्ट्यावर तीन गोष्टी बघा. पाणी वाटेवर कुठे शिरतं, किती लांब वाटेवरूनच वाहत जातं, आणि त्याला बाहेर जायला जवळात जवळ जागा कुठे आहे. खराब झालेली जागा आणि बिघाडाची जागा बहुतेक वेळा वेगळी असते. म्हणजे घळ पडलेली दिसते खाली, पण पाणी आत घुसलेलं असतं पन्नास पावलं वर एखाद्या वळणावर, आणि दुरुस्ती तिथे वर करायची असते. नुसती खालची घळ भरत बसलात तर तो भराव पहिल्या मोठ्या सरीत जाणार.

प्रत्येक जागेचा मोबाईलवर फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, आणि फोटोत एखादी न हलणारी खूण येऊ द्या, मोठा कातळ किंवा झाड, म्हणजे कोरड्या दिवसात तीच जागा परत सापडते. जमलं तर व्हिडिओ काढा. पुढे गावात किंवा फॉरेस्टच्या ऑफिसात समजावून सांगताना तो व्हिडिओ दहा पानी पत्रापेक्षा जास्त कामाला येतो.

उतारही बघून ठेवा, मोबाईलमधल्या लेव्हलच्या ॲपवर अंदाज येतो. एक साधा नियम जगभर वाटांची कामं करणारे लोक पाळतात, डोंगराचा जो उतार आहे त्याच्या निम्म्याहून वाट जास्त खडी नको. डोंगर १०० मीटरला ४० मीटर उतरत असेल तर वाट १०० मीटरला २० मीटरच्या आत ठेवायची. त्याहून खडी झाली की पाणी बाजूला उतरायचं सोडून वाटेवरूनच धावतं. सोंडेवरून नाकासमोर चढणारे जे शॉर्टकट असतात त्यांची दोन-चार पावसाळ्यांत नाळ, म्हणजे पाण्याने कोरलेली खोल घळ, का होते त्याचं उत्तर हे आहे. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं, राजगडाची पाली दरवाज्याची वाट किंवा नाणेघाटातली दगडी वाट एकदा याच नजरेने बघून या.

कामाला किती लांबीची वाट घ्यायची? आपल्याला वाटतं त्याच्या एक तृतीयांश. पंचवीस नवखी माणसं एका दिवसात पाणी काढणारे चार-पाच आडवे दगडी बांध, आठ-दहा नीट बसलेल्या पायऱ्या आणि चाळीस-पन्नास मीटर वाटेचा बाहेरचा काठ एवढं करू शकली तर तो दिवस उत्तम गेला असं समजा. अख्खी वाट एका रविवारी करायला जाऊ नका, त्यात सगळंच अर्धवट राहतं आणि अर्धवट केलेलं काम पाणी आधी उचलतं.

तारीख कधीची धरायची

माझं मत विचाराल तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा. ऑक्टोबरमध्ये जमीन मऊ असते, खोदायला सोपी, पण गवत कमरेएवढं असतं, त्यात साप दिसत नाहीत, ऊनही कडक असतं, आणि मुख्य म्हणजे मावळात काय कोकणात काय, गावातली सगळी माणसं भातकापणी आणि झोडणीत अडकलेली असतात. त्यांना त्या दिवसांत बोलावणंच चुकीचं. डिसेंबरपर्यंत खाचरं मोकळी होतात, हवा थंड असते, जमिनीत थोडी ओल शिल्लक असते आणि टाक्यांत, झऱ्यांत पाणीही असतं. फेब्रुवारीनंतर मुरूम दगडासारखा कडक होतो, पहार मारली तर ठिणगी उडते, शिवाय गवत वाळून वणव्याची भीती. मे महिन्यात खोदकाम तर बिलकुल नको, सुटी माती दाबून बसायच्या आत पाऊस येतो.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे पण याच्याशिवाय एक दगडही हलवू नका. पहिलं शोधून काढायचं ते हे की वाट कोणाच्या जागेतून जाते. खालचा टप्पा बऱ्याचदा कोणाच्या तरी मालकीच्या शेतातून किंवा गायरानातून असतो, मधला वनखात्याच्या जंगलातून, आणि वरचा टप्पा पुरातत्व खात्याच्या हद्दीत. म्हणजे एकाच वाटेला तीन मालक. गावच्या तलाठ्याला आणि फॉरेस्टच्या वनरक्षकाला विचारलं की हद्दी कळतात.

वनखात्याच्या जागेसाठी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. अर्जात काय करणार, कुठून कुठपर्यंत, किती माणसं, कोणती अवजारं, आणि काय करणार नाही हेसुद्धा लिहा, म्हणजे झाडतोड नाही, आग नाही, सिमेंट नाही, बाहेरची रोपं नाहीत. जागा अभयारण्यात असेल, जसं कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, तर तिथे वन्यजीव विभागाकडून परवानगी लागते आणि तिला वेळ जास्त लागतो.

गड संरक्षित स्मारक असेल तर तो केंद्राकडे आहे की राज्याकडे ते बघा. रायगड, लोहगड, शिवनेरी हे भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाकडे, राजगड, साल्हेर हे राज्याच्या पुरातत्व संचालनालयाकडे. केंद्राच्या स्मारकांना प्राचीन स्मारकांचा १९५८चा कायदा लागतो, आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. २०२५च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, तिथे आता आणखीच बारीक लक्ष असणार. त्यामुळे पहिल्यांदा करताय तर दरवाजा-तटबंदीच्या आसपासचं काम हातात घेऊच नका, गावापासून माचीच्या खालपर्यंतची जंगलातली वाट घ्या. तिथेही कामं भरपूर पडलेली असतात.

अर्ज दोन महिने आधी द्या, पोच घ्या, आणि पोस्टाने पाठवून गप्प बसू नका, स्वतः जा. पावसातला तो व्हिडिओ दाखवा. शक्य असेल तर त्या दिवशी वनरक्षकांनाच सोबत यायची विनंती करा, त्यांना ती वाट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असते.

गाव

खरं तर हे परवानगीच्याही आधी यायला हवं. ती वाट ट्रेकर्सची होण्याच्या आधी गावाची आहे, गुरं वर न्यायची, देवीला जायची, सरपण आणायची. सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटाच, पण रोज गुरं घेऊन वर जाणाऱ्या एखाद्या आजोबांना गाठा आणि त्यांच्यासोबत वाट चाला. "बाबा, पूर्वी वाट हिथूनच होती का?" एवढं विचारायचा अवकाश, ते सांगतात की मूळ वाट पलीकडच्या झाडापासून वळसा घालून होती, ती दरड पडून बुजली आणि मग लोक इथून सरळ चढायला लागले. कधीकधी ती जुनी वाट मोकळी करणं हेच सगळ्यात कमी मेहनतीचं आणि सगळ्यात टिकाऊ काम निघतं.

गावात दगडाचं काम येणारी दोन-तीन माणसं असतातच, बांध-गडगे रचणारी. त्यांना दिवसाची पूर्ण मजुरी देऊन कामावर घ्या. श्रमदान आपलं आहे, त्यांनी फुकट का करावं? आणि कोणता दगड कुठे बसेल हे ओळखणारी त्यांची नजर आपल्या अख्ख्या ग्रुपमध्ये नसते. दुपारचं जेवणही गावातच सांगा, पिठलं, भाकरी, ठेचा, भात, माणशी दर आधी ठरवून आणि पैसे त्याच दिवशी चुकते करून.

माणसं किती आणि कोण

वीस ते तीस बास. त्यापुढे माणसं एकमेकांच्या पायात येतात आणि अरुंद वाटेवर ते धोक्याचं असतं. पाच-सहा जणांचा एक गट, प्रत्येक गटाला एक प्रमुख, आणि हे प्रमुख आठवडाभर आधी एकदा जागेवर जाऊन आलेले असायला हवेत, त्यांना आपापलं काम नेमकं दाखवलेलं असायला हवं. सकाळी तिथे पोचून काम वाटत बसलात तर थंड हवेचा सगळ्यात चांगला तास वाया जातो.

नाव नोंदवताना प्रत्येकाचं वय, काही दुखणं, पाठीचा त्रास, मधमाशीची ॲलर्जी, घरचा फोन नंबर एवढं घ्या. पाठ दुखणाऱ्यांना दगड उचलायला देऊ नका, त्यांना फोटो आणि मोजमापाची नोंद, पाणी वाटप, वाटसरूंना थांबवणं अशी कामं आहेत आणि ती तितकीच गरजेची आहेत. लहान मुलं आली तर बारीक खडी गोळा करणं आणि प्लास्टिक वेचणं, पण खोदणाऱ्यांच्या जवळ नाही.

अवजारं

पंचवीस जणांना साधारण सहा पहारी, आठ कुदळी-टिकाव, आठ फावडी, पंधरा घमेली, दोन घण, खडी चोपायला दोन धुम्मस, तीन कोयते, एक करवत, जाड दोर, रिकाम्या गोण्या, मोजपट्टी, सुतळी आणि थोडा चुना खुणा करायला. दगडांवर ऑइलपेंटच्या खुणा नकोत, त्या वर्षानुवर्षं जात नाहीत. पहारी जास्त घ्या, लोक फावडी जास्त आणतात आणि मग दगड हलवायला काही नसतं, सह्याद्रीत सगळा खेळ दगडाचा आहे. बरीचशी अवजारं गावात भाड्याने मिळतात, त्यामुळे प्रवासात ओझं होत नाही.

आदल्या दिवशी प्रत्येक दांडा हलवून बघा. सैल असेल तर पाचर ठोका आणि रात्रभर पाण्यात ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसतं. घाव घालताना टिकावाचं पातं सुटून उडालं तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे हे काम टाळावंसं वाटणार नाही.

प्रत्येकाने स्वतःचं आणायचं ते असं: बोटं झाकणारे चांगल्या ग्रिपचे बूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, चार लिटर पाणी, आणि घण चालवणाऱ्यांना डोळ्यांवर चष्मा. सेंट-परफ्यूम अजिबात नाही, का ते खाली येतंय.

सकाळ

आदल्या रात्री गावात मुक्काम केलात तर उत्तम, शहरातून पहाटे निघून येणारी माणसं अर्धी झोपेत असतात. साडेसहाला चहा-पोहे, सातला निघायचं, आठपर्यंत हातात अवजार. साडेबारापर्यंत जड काम सगळं उरकायचं, जेवण, थोडी सावलीत विश्रांती, तीन ते पाच हलकं काम आणि आवराआवर, आणि उजेड असताना खाली. डिसेंबरात सहाला अंधारून येतं हे विसरू नका.

काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना एकत्र उभं करून दहा मिनिटं सुरक्षेचं बोला, आणि मग वीस मिनिटं प्रत्यक्ष एक बांध, एक पायरी करून दाखवा. हा अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटतो, लोक चुळबुळ करतात, तरी सोडू नका.

दोन माणसांमध्ये तीन मीटर अंतर, कुदळ चालवताना मागे बघून. अवजार खांद्यावर टाकून चालायचं नाही, हाताला धरून खाली, पातं पुढच्या बाजूला. उतारावर एका गटाच्या बरोबर वर दुसरा गट कधीच नको, दगड सुटला तर खालच्याला पळायला जागा नसते. दगड सुटलाच तर जिवाच्या आकांताने "दगड" ओरडायचं, हा एकच शब्द सगळ्यांनी ठरवून घ्या. रविवारी ट्रेकर्स येत-जात असतात, म्हणून कामाच्या पट्ट्याच्या वर एक आणि खाली एक माणूस उभा ठेवा, तो लोकांना थांबवेल आणि काम थांबल्यावर सोडेल.

प्रत्यक्ष काम, आधी पाणी

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त फायद्याचं काम म्हणजे वाटेचा बाहेरचा काठ मोकळा करणं. आडव्या वाटेवर चालून चालून मधला भाग खोल जातो आणि दरीकडच्या बाजूला मातीची एक कड तयार होते, त्यामुळे पाणी बाहेर पडायचं सोडून वाटेतच कोंडतं. ती कड फावड्याने काढा आणि वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, मीटरभर रुंदीला तीन ते पाच सेंटीमीटर. चालताना जाणवत नाही पण पाण्याला कळतो. झालं की बाटलीभर पाणी वाटेच्या मधोमध ओता, ते दोन-तीन पावलांत बाहेर गेलं तर बरोबर, वाटेवरून खाली पळालं तर परत करा. काढलेली माती दरीत ढकलू नका, ती पायऱ्यांच्या आणि बांधांच्या कडेने भरायला लागते.

वाट खडी असेल तिथे नुसत्या उताराने भागत नाही, तिथे आडवा दगडी बांध घालायचा. वाटेला काटकोनात नाही, तिरका, साधारण ४५ ते ६० अंशात, खालचं टोक दरीच्या बाजूला. काटकोनात घातला तर पाण्याचा वेग मरतो, गाळ साचतो आणि एका पावसात बांध गाळाने भरून पाणी वरून उडी मारतं. चर खोदा, त्यात मोठ्यात मोठे दगड उभे बसवा, दोन तृतीयांश जमिनीत आणि एक तृतीयांश वर, आणि घराच्या कौलांसारखा एक दगड दुसऱ्यावर थोडा चढवून, म्हणजे सांध्यातून पाणी खाली शिरत नाही. बांध डोंगराच्या बाजूला काठात फूटभर आत घुसला पाहिजे आणि दरीच्या बाजूला वाटेच्या बाहेर फूटभर गेला पाहिजे. आखूड बांधाला लोक आणि पाणी दोघंही वळसा घालून जातात. बाहेर जिथे पाणी पडतं तिथे दगडांचा थर टाका, नाहीतर तिथे नवीन घळ सुरू होते, आणि ते पाणी वाटेच्याच खालच्या वळणावर परत येत नाही ना ते चालत जाऊन बघा. आता किती अंतरावर एक, तर खड्या चढाला दहा-बारा मीटरवर, मध्यम चढाला वीस-पंचवीसवर. पण खरी जागा ठरते तुमच्या पावसातल्या फोटोंवरून, टेपवरून नाही.

मग पायऱ्या. पायरी बसवायला सुरुवात नेहमी खालून. पहिला दगड सगळ्यात जड आणि अर्ध्याहून जास्त जमिनीत, आणि वरच्या दगडाची पुढची कड खालच्या दगडाच्या मागच्या भागावर बसली पाहिजे, म्हणजे अख्खी रांग एकमेकांना धरून राहते. उंची १५ ते २० सेंटीमीटर, पाय ठेवायला निदान ३० सेंटीमीटर. यापेक्षा उंच पायरी केली की माणूस आपसूक बाजूच्या मातीवरून चढतो, विशेषतः उतरताना गुडघे दुखणारे, आणि मग पायरी राहते बाजूला आणि शेजारी दुसरी नाळ पडते. म्हणून दोन्ही बाजूंना खडबडीत मोठे दगड लावून बाजूने जाणं गैरसोयीचं करून ठेवा. दगडाच्या मागे आणि खाली माती भरू नका, फोडलेले दगड आणि खडी ठासून भरा, धुम्मसाने चोपा. मग त्या पायरीच्या चारही कोपऱ्यांवर एकेक करून पूर्ण वजन टाकून उभे राहा. जरा जरी हलली तरी काढून परत बसवा. कंटाळा येतो, पण डुलणारा दगड म्हणजे पावसात कोणाचा तरी घोटा.

दगड कुठून घ्यायचे? कामाच्या जागेच्या वरून नाही, कारण ते काढले की वरची माती सुटते. ओढ्याच्या कडेचे, दरडीतून आलेले, खालच्या बाजूचे घ्या. आणि घडीव दगडाला हात लावू नका, तो झाडीत कुठेही पडलेला असो. तो एखाद्या वाड्याच्या जोत्याचा असेल, ढासळलेल्या बुरुजाचा चिरा असेल, वीरगळ म्हणजे एखाद्या वीराच्या स्मरणाचा दगड असेल. आपल्या पायरीसाठी गडाचाच दगड उचलायचा नाही. कातळात कोरलेल्या जुन्या पायऱ्या लागल्या तर त्यांवरची माती हाताने आणि खराट्याने काढा, छिन्नी-पहार लावू नका. सिमेंटही नको. पाणी सिमेंटच्या खालून माती काढून नेतं, वरचा थर पोकळ होतो आणि एक दिवस लादीच्या लादी खाली येते. शिवाय सुटा रचलेला दगड हलला तर कोणीही परत बसवू शकतं.

शॉर्टकट बंद करणं हे शेवटचं काम आणि बऱ्याचदा विसरलेलं. वीकेंडला सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर जा, गर्दीने मूळ वाटेला बाजूने किती फाटे फुटलेत ते दिसेल. शॉर्टकटची वरची आणि खालची दोन्ही तोंडं, आणि आत नजर जाईल तेवढा भाग मोठे दगड आणि वाळलेल्या काटेरी फांद्यांनी भरा. मातीत चालून चालून कडक झालेला थर टिकावाने थोडा फोडा, म्हणजे पावसात गवत रुजतं, बाजूचेच गवताचे ठोंब लावले तर लवकर धरतं. नुसता "इथून जाऊ नये" बोर्ड लावून कोणी थांबत नाही. मूळ वाट चालायला सोपी झाली की लोक आपोआप तिच्यावर येतात.

झाडझाडोरा कापताना हात आखडता ठेवा. वाटेवर तोंडावर येणाऱ्या फांद्या आणि घाणेरी, रानमोडीसारखी माजलेली तणं एवढंच. कारवीला धक्का नको, सात वर्षांनी फुलते म्हणून तर आहेच, पण उतारावरची माती तिच्या मुळांनी धरून ठेवलेली असते.

साप, विंचू, मधमाश्या, डॉक्टर

दगडाखाली हात घालायचा नाही, कधीच नाही. पहारीने दगड आपल्या बाजूला कलता करा, म्हणजे खालची फट पलीकडे उघडते आणि आत जे काही असेल ते तुमच्यापासून लांब पळतं. फुरसं आणि घोणस हे दोन्ही विषारी साप आपल्या डोंगरात आहेत, फुरसं तर एवढंसं असतं आणि मुरमाच्या रंगात दिसतही नाही. साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीच करायचं नाही. माणसाला शांत ठेवा, अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, चालवू नका, उचलून खाली आणा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. विंचू चावला तरी थांबून बघू नका. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगासमोर आणला, कोकणातल्या डॉक्टरांना तो नीट माहीत आहे, फक्त माणूस वेळेत पोचला पाहिजे.

म्हणून आठवडाभर आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा की सापाच्या विषावरचं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का, रविवारी डॉक्टर असतात का. १०८ ला फोन लागायला रेंज कुठे मिळते ते वाटेवर बघून ठेवा, आणि एक गाडी पायथ्याला रस्त्याकडे तोंड करून, किल्ली ड्रायव्हरजवळ, दिवसभर तयार.

कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खालचा पट्टा त्या दिवसाच्या कामातून सरळ काढून टाका. उग्र वास, धूर आणि गोंगाटाने माश्या उठतात. परफ्यूम नको म्हटलं ते यासाठी, आणि चहासाठीसुद्धा चूल पेटवायची नाही, चहा थर्मासमधून न्या.

फर्स्ट एडमध्ये ओआरएस, लिंबू-मीठ-साखर, मोठ्या पट्ट्या, क्रेप बँडेज, आणि एक स्ट्रेचर किंवा निदान दोन बांबू आणि मजबूत चादर. बाकी लोकांना दर तासाला पाच मिनिटं थांबवा आणि पाणी प्यायला लावा, उत्साहात माणसं पाणी विसरतात आणि दोन वाजता चक्कर येऊन बसतात. गूळ-शेंगदाणे हाताशी ठेवा.

संध्याकाळी आणि नंतर

पाच वाजायच्या आत अवजारं मोजून घ्या, गवतात विसरलेला कोयता गुरांच्या पायाला लागतो. सुतळ्या, गोण्या, चुन्याच्या पुड्या सगळं खाली. कामाच्या आधी जिथून फोटो काढले होते त्याच जागांवरून तेच फोटो परत काढा. आणि सगळ्यांना घेऊन एकदा केलेली वाट वरून खाली चालत या, हलणारा दगड पायाखाली लगेच कळतो आणि तेव्हाच दुरुस्त होतो.

खर्चाचा हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका, मजुरी, जेवण, भाडं, प्रवास, उरलेले पैसे, सगळं. वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला फोटोंसहित एक पानी अहवाल द्या, पुढच्या वर्षीची परवानगी त्यामुळे सोपी जाते. जमलं तर दोन फावडी आणि एक पहार गावातच ठेवा, बांधामागचा गाळ काढायला कोणालातरी लागेलच.

आता उरलं ते जूनमधलं काम. पहिला जोराचा पाऊस झाला की आधी पावसात वाट बघून आलेल्या त्या दोघा-तिघांनी फावडं घेऊन परत जायचं आणि प्रत्येक बांधापाशी थांबून बघायचं. पाणी ठरल्या जागेवरून बाहेर जातंय का, बांधाला वळसा घालून जातंय का, मागे गाळ किती साचलाय, बाहेर पडल्यावर नवीन घळ पडतेय का. गाळ तिथल्या तिथे उपसा, वळसा घालणाऱ्या बांधाला टोकाला दोन दगड वाढवा. सप्टेंबरच्या शेवटी हेच परत. जे बांध फसले त्यांचा फोटो आणि कारण लिहून ठेवा, उतार जास्त होता, चर उथळ होता, दगड लहान होते, जे असेल ते, आणि डिसेंबरच्या कामाची यादी त्या वहीवरून सुरू करा.